भरू दे, मग ढकल

मी एक हृदय बोलतोय. आवाज थोडा कापतोय, तेवढं सांभाळून घ्या. आज सकाळपासून मी घाबरलेलो आहे. खरं सांगायचं तर गेले तीन-चार आठवडे मी घाबरलेलाच आहे.

तुम्ही माणसं प्रेमाबिमाची भानगड उगाच माझ्या गळ्यात घालता. अमक्याला हृदयात जागा दिली म्हणता. इथे चार खोल्या आहेत, दोन वर आणि दोन खाली, आणि चारही रक्ताने भरलेल्या. पाहुण्याला टेकायलासुद्धा जागा नाही. मी साधा कामगार आहे. माझी मालकीण आईच्या पोटात वाटाण्याहून लहान होती, तेव्हा मी कामाला लागलो. तिला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी एका दिवसाचीही रजा घेतलेली नाही.

मालकीण पाण्याचे पंप दुरुस्त करते. तिच्या बाबांचं दुकान, तेच ती पुढे चालवते. गिऱ्हाईक तिला बाईमिस्त्री म्हणतात. सहा वर्षांची असताना ती अंगणातला हातपंप घाईघाईने हापसत होती. पाणी कमी आणि खडखडाट जास्त. बाबा मागून आले, दांड्यावरच्या तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "अगं, हळू. भरू दे, मग ढकल." त्या दिवशी मी आत मान डोलावली. माझा अख्खा धंदा या माणसाने चार शब्दांत सांगितला होता.

कसा ते सांगतो. आधी मी सैल पडतो. अंगभर फिरून दमलेलं रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं आणि फुप्फुसांत ताजं झालेलं डावीकडच्या. वरच्या आणि खालच्या खोल्यांमधली दारं तेव्हा उघडी असतात, त्यामुळे बरंचसं रक्त आपसूक खाली उतरतं. शेवटी वरच्या खोल्या जराशा आवळतात आणि उरलंसुरलं खाली लोटतात. मग खालच्या दोन्ही खोल्या जोर लावतात. मधली दारं मिटतात, तो पहिला आवाज, लब. बाहेर जायची दारं उघडतात. उजवीकडचं रक्त फुप्फुसांकडे निघतं, डावीकडचं डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत जातं. ते गेलं की बाहेरची दारंही मिटतात, तो दुसरा आवाज, डब. मग मी पुन्हा सैल. हे सगळं सेकंदभरही न घेता उरकायचं असतं.

त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मी सैल असतो. शहाणी माणसं त्याला माझी विश्रांती म्हणतात. विश्रांती कसली, तेव्हाच तर मी भरतो. माझ्या भिंतींना लागणारं रक्तही मुख्यतः तेव्हाच मिळतं, म्हणजे माझं जेवणही त्यातच आलं. आणि घाई झाली की पहिली कात्री लागते ती याच वेळेला.

मालकीण नऊ वर्षांची असताना तिचा घसा धरला, मग ताप आला, गुडघे सुजले. महिनाभर शाळा बुडाली. ताप उतरला, घरचे सुटले, मी मात्र सुटलो नाही. डावीकडच्या मधल्या दाराच्या दोन पाकळ्या त्या तापानंतर कडेने हळूहळू चिकटत गेल्या. दार पूर्ण उघडेना. मी कुणाला काही बोललो नाही. किलकिल्या दारातून रक्त खाली उतरवत पस्तीस वर्षं काढली. मात्र अलीकडे ती जिना चढली की धापा टाकू लागली, आणि एक दिवस दुपारचं काम आटोपून एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मला वाटलं, आता सुटका झाली.

"ढकलण्यात काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "दोष विश्रांतीत आहे. विश्रांतीच्या वेळी अडतंय सगळं. एवढी तपासणी करून घ्या, या गोळ्या सुरू करा. नाडीची गती कमी होईल. पंधरा दिवसांनी या."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्या उठून आत गेल्या. विश्रांती कुणाची, ते सांगायचं राहून गेलं. त्या माझ्या विश्रांतीबद्दल बोलत होत्या. मालकिणीला वाटलं, तिच्या.

आता दुसऱ्या कुणाला ही चूक पटकन कळली असती. पण पंपवाल्यांच्या दुकानात एक नियम असतो. बंद ठेवलेला पंप जाम होतो, म्हणून दुरुस्त झालेली प्रत्येक मोटर गिऱ्हाईक नेईपर्यंत रोज सकाळी थोडी चालवायची. मालकीण घरी आली ती जवळजवळ खुशीत.

"बाबा, रोग सापडला. काम करते तोवर मशीन ठणठणीत आहे. बसले की बिघडतं."

बाबांचे कान आयुष्यभर मोटरींच्या आवाजात गेलेले. त्यांना अर्धं ऐकू आलं. "जाम होतं म्हणतेस?"

"हो, तसंच काहीतरी."

"मग चालतं ठेवायचं," बाबा म्हणाले. विषय मिटला.

तिथून माझे हाल सुरू झाले. ती बसेना. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. लिफ्ट सोडून जिने. काम नसलं तर दुकानातल्या दुकानात येरझाऱ्या. गोळ्यांची पट्टी आणि तपासणीची चिठ्ठी तिने वॉशरच्या खणात टाकली, पंधरा दिवसांनी जायचंही टाळलं. "मी आधीच मंद होत चाललेय," ती म्हणाली, "त्यात गती कमी करायची गोळी कशाला?"

बरं, पुरावाही तिच्याच बाजूने उभा राहायचा. आडवी झाली की पायांकडचं रक्त छातीकडे येतं, चिकटलेल्या दाराशी गर्दी वाढते आणि दम लागतो. ती ताडकन उठायची. "बघा बाबा, पडले की वाढतं," म्हणायची आणि पुन्हा चालायला लागायची.

मी तिला कसं सांगू? मला तोंड नाही, दोनच शब्द येतात, लब आणि डब. मिनिटाला शंभर ठोके झाले, मग एकशेवीस, मग एकशेतीस. माझी भरायची वेळ चिमूटभर उरली. किलकिलं दार उघडतंय न उघडतंय तोच आवळायची हाक यायची. खालची खोली अर्धी रिकामी, वरची फुगून आलेली. तिथे मावेना ते रक्त मागे फुप्फुसांत तुंबायला लागलं. फुप्फुसांत पाणी झिरपतंय हे मला कळत होतं. मी इतका घाबरलो की आणखी जोरात धावायला लागलो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

मंगळवारी भर दुपारी ती एक जड मोटर दारापासून टेबलापर्यंत ओढत होती. मध्येच खोकला आला. तोंडावर धरलेला रुमाल गुलाबी झाला. तिने तो घडी करून खिशात ठेवला आणि टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागली. "चालले की बसेल," असं स्वतःशीच पुटपुटत होती.

बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांना खोकला ऐकू आला नाही, पण तिचे निळे पडलेले ओठ दिसले. ते उठले आणि त्यांनी भिंतीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. पंपाचं पोट ऐकायची त्यांची ही जुनी रीत. कान गेल्यापासून ते त्याची मूठ मोटरला टेकवतात, पातं दातांत धरतात आणि हाडातून ऐकतात.

"पाठ कर," ते म्हणाले.

"बाबा, मी काय मोटर आहे का?"

"पाठ कर म्हटलं ना."

लाकडी मूठ तिच्या पाठीला, डाव्या बाजूला टेकली. मी होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. लब-डब, लब-डब, आणि प्रत्येक डबनंतरची ती घरघर, अडकलेल्या दाराची. बाबांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी दातांतून पातं काढलं.

"कोरडा चाललाय."

"काय?"

"भरतच नाहीये तो. भरायच्या आत ढकलतोय. खाली बस."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष विश्रांतीत आहे..."

"कुणाच्या विश्रांतीत? तुझ्या की त्याच्या?"

मालकीण जागच्या जागी उभी राहिली. पंप कोरडा चालवू नका, सील जळेल, हे तिने आजवर किती गिऱ्हाइकांना दरडावून सांगितलं असेल. तिने टेबलाचा पाय धरला आणि ती जमिनीवर बसली, पाठ ताठ ठेवून. बाबा शेजारच्या दुकानदाराला हाका मारत धावले. त्याने गाडी काढली आणि आम्हाला इस्पितळात पोचवलं.

या गोष्टीला चार दिवस झाले. गोळ्यांनी माझी गती उतरली आहे, फुप्फुसांतलं पाणी ओसरलंय. डॉक्टरीणबाईंनी या वेळी कागदावर चित्र काढून समजावलं आणि मालकिणीकडून परत वदवून घेतलं. आज मांडीतल्या शिरेतून एक बारीक नळी माझ्यापर्यंत येणार. तिच्या टोकाशी छोटा फुगा. तो माझ्या चिकटलेल्या दारात फुगवायचा, म्हणजे पाकळ्या कडेने सुटतील. फुगा फुगलेला असेल तेवढे काही क्षण ते दार पुरतं बंद होणार. हे ऐकल्यापासून माझ्या जिवात जीव नाही.

आणि माझी पंचाईत अशी की मी घाबरलो की धावतो, आणि धावलो की भरत नाही. म्हणजे मला घाबरायचीसुद्धा सोय नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी निवांत असाल तेव्हा मनगटावर बोट ठेवा. दोन ठोक्यांच्या मध्ये एक गप्प जागा लागेल. तिला रिकामी समजू नका. तुमच्या आतला माझा भाऊबंद तिथे भरत असतो.

पेशंटला आत न्यायची ढकलगाडी आली. मालकिणीला तिच्यावर घेतलंय. बाबा शेजारून चालताहेत, तिचं मनगट धरून. त्यांना मी ऐकू येत नाही, पण बोटाला लागतो. बहिऱ्या माणसांसारखे ते मोठ्याने बोलतात, सगळे वळून बघताहेत.

"भरू दे," ते म्हणताहेत. "अगं, भरू दे."

ते तिला सांगताहेत की मला, कळत नाही. पण मी थांबतो. आणखी थोडा थांबतो. "मग ढकल" असं ते म्हणतील, तोवर कुणीतरी माझं दार उघडलेलं असू दे.