ज्याची ओळ, त्याने पुसायची

मित्रांनो, मी बॉयलरच्या कारखान्यातला जुना फळा. सुताराने चार फळ्या जोडून मला घडवलं, काळा रंग दिला आणि फाटकाजवळ टांगलं. रोज सकाळी मुकादम माझ्यावर कामं लिहीत, एकेकाची एकेक ओळ. काम पुरं झालं की ज्याने त्याने आपली ओळ बाहीने पुसायची, अशी तिथली रीत. सगळ्यात आधी पुसत ते तात्या, तिथले जुने वेल्डर. खरं सांगतो, मला त्यांचा फार अभिमान होता.

पुढे मालकांनी परदेशातून सहा कसबी वेल्डर आणले. त्यांतल्या एकाला सगळे पाहुणा म्हणत. त्याच्या हातात जादू होती, पण त्याचं बोलणं कोणाला कळेना. मग हुकूम निघाला, यापुढे फळ्यावर इंग्रजीच. ती ना तात्यांची भाषा, ना पाहुण्याची. तात्यांना स्वतःचीच ओळ दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे, आणि मलाच चोरट्यासारखं होई.

तात्या पगारवाढ मागायला गेले तेव्हा मालक म्हणाले, "पाहुणा तुमच्या निम्म्यात करतो. वाढ कशाची देऊ?" तात्या आल्या पावली परतले. राग पाहुण्यावर काढावा, तर तो जेवायला त्यांच्याच शेजारी बसे. एकेका अवजाराला हात लावी, तात्या नाव सांगत, तो घोकत राही. तरण्या कामगारांनी टाकून दिलेली नावं त्याच्या तोंडी बसली.

रीत मात्र त्याला कोणी सांगितली नाही. त्या सहा जणांना तोवर कामं नकाशे दाखवूनच दिली जात. एके दिवशी त्याला तात्यांच्या जोडीला दिलं. तात्यांची ओळ पुसली म्हणजे काम हाती घेतलं, असं समजून त्याने ती सकाळीच पुसून टाकली. तपासनिसाने ओळ पुसलेली पाहून बॉयलरमध्ये दाबाने पाणी सोडलं. अर्धवट सांधा फुटला, तपासनिसाचा हात मोडला.

"ओळ तुमची होती. उद्यापासून येऊ नका," मालक तात्यांना म्हणाले. त्यांना काढायला मालक निमित्तच शोधत होते.

पाहुणा पुढे झाला. "ओळ मी पुसली. तात्या नाही."

आपला इथे काम करायचा परवाना मालकांच्या हातात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आठवड्याच्या आत त्याला परत धाडलं. तात्या राहिले, जुन्याच पगारावर. मला दोघांचंही वाईट वाटलं.

तो गेला त्या सकाळी तात्यांनी खडू घेतला. हुकूम मोडून, आपल्या भाषेत, त्यांनी त्या अर्धवट सांध्याची ओळ लिहिली. पुढे पाहुण्याचं खरं नाव घातलं. ते त्यांनी त्याला विचारून घेतलं होतं.

मुकादम पुसायला आले.

"राहू द्या," तात्या म्हणाले. "ज्याची ओळ, त्याने पुसायची."

आता माझ्या जागी कामं दाखवणारा संगणकाचा पडदा लागलाय आणि मी भंगारात भिंतीला टेकून उभा आहे. मित्रांनो, शेजारी नवा माणूस आला तर त्याला आपली रीत सांगा, त्याचं नाव विचारा. आणि मला पावसात टाकू नका. ती ओळ अजून माझ्यावर आहे.