गुरुवारची बाई

तिने दोन बोटं पत्रपेटीच्या फटीत घातली, कागदाचं टोक पकडलं आणि अलगद ओढून काढलं. सातवं. खालच्या ओळीतल्या पेट्यांच्या फटी मोठ्या होत्या, वरच्या ओळीतल्यांत बोट जात नव्हतं. केसातली पिन काढून तिने आठवं पत्रक कोरून काढलं. ते फाटलं, पण निघालं.

पिशवीतला फोन सारखा थरथरत होता. नणंद असणार. सकाळपासून तिचे चार फोन झाले होते आणि चारही आनंदाचे.

जिना उतरणारे एक गृहस्थ थबकले.

"काय शोधताय?"

"शोधत नाही, आमचेच कागद परत घेतेय."

"वाटलेले कागद परत?"

"चूक राहिलीय त्यात," ती म्हणाली. चूक कसली ते त्यांनी विचारलं नाही, आपली पेटी उघडून आतलं पत्रक तिच्या हातात ठेवलं आणि ते निघून गेले. नऊ. पेट्या बारा होत्या.

घरं स्वच्छ करून देण्याचा धंदा सुरू करून सहा महिने झाले होते. त्याआधी अकरा वर्षं ती इस्पितळात वॉर्ड साफ करायची. ती नोकरी तिने सोडली आणि नणंदेने शिवणकाम सोडलं. कामाची बाजू तिची, गिऱ्हाईक आणायची बाजू नणंदेची. सहा महिन्यांत घरं मिळाली चार. वॉर्डातली तिची जागा महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवतो, असं तिथला मुकादम म्हणाला होता. त्याच्या बोलण्यात दया होती, आणि तीच तिला सोसत नव्हती. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

पहिलं पत्रक छापलं त्यावर बादली, फुलं आणि 'उत्तम सेवा' असे शब्द होते. एकही फोन आला नाही. मग नणंद म्हणाली, असलेल्या गिऱ्हाइकांनाच सांगू, चार जणांना कळवा म्हणून. चौघींनी हसून मान डोलावली आणि मूग गिळून बसल्या. कारण पुढे कळलं. त्यातली एक पाहुण्यांना सांगत होती, "मीच करते हो सगळं, दुसऱ्याचं काम मला आवडत नाही." आणि ही तेव्हा त्याच घरच्या न्हाणीघरात फरशी घासत होती.

"वहिनी, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं," नणंद म्हणाली होती. "लोकांना दाखवायला हवं. एका बाजूला आधीचा फोटो, दुसऱ्या बाजूला नंतरचा. बघणाऱ्याला आपलंच घर आठवलं पाहिजे."

नंतरचे फोटो पुष्कळ मिळाले. आधीचा मिळेना. कारण साफसफाईवाली यायच्या आत लोक घर आवरून ठेवतात. सिंकमधली भांडी घासलेली, ओटा पुसलेला, पसारा कपाटात कोंबलेला. पैसे देऊन बोलावलेल्या बाईपुढेही माणसाला लाज असते. नणंद म्हणाली, मग आपल्याच ओट्याचा काढू. दिवसभर लोकांची घरं घासून दोघींना स्वतःच्या ओट्याकडे बघायला वेळ नव्हता, दिव्याखाली अंधार म्हणतात तो शेगडीभोवती चांगला जाड बसला होता. पण ती ठाम नाही म्हणाली. आपली घाण आपणच छापून वाटायची? लोक काय म्हणतील?

आणि मग गुरुवारी तिने इस्पितळातल्या तिच्या जुन्या मेट्रनबाईंच्या स्वयंपाकघराचा फोटो काढला; चार घरांपैकी एक त्यांचं होतं. मेट्रनबाई बाहेर रेडिओ ऐकत बसल्या होत्या. विचारायला दहा पावलंसुद्धा चालावी लागली नसती.

पत्रकात घराचं नाव नव्हतं. पण फोटोच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कठड्यावर, इस्पितळातला पांढरा ट्रे दिसत होता, घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकड्या आकाराचा. मेट्रनबाई त्यात चमचे ठेवत. या इमारतीत ज्याने कुणी त्यांच्याकडे चहा घेतला होता, त्याला तो ट्रे ठाऊक होता. फोनच्या चिमुकल्या फोटोत तो तिच्या लक्षात आला नव्हता. छापल्यावर तो स्वच्छ दिसला. तरी ती गप्प राहिली, पत्रकं दुसऱ्याच भागात वाटायची आहेत म्हणून. आणि आज सकाळी नणंदेने उत्साहाने फोन केला, "तुझ्या मेट्रनबाईंची इमारतही उरकली बरं का!"

दहावं, अकरावं निघालं. बारावी पेटी मेट्रनबाईंची. ती रिकामी होती.

ती तीन मजले चढली. दार लोटलेलंच होतं.

"आज मंगळवार," आतून आवाज आला. "गुरुवारी यायचीस ना तू?"

"मीच आहे हे कसं कळलं, बाई?"

"तुझी डावी चप्पल वाजते. खिळा मारून घे. बस."

मेट्रनबाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. पाठ ताठ, साडीला कडक इस्त्री. वॉर्डात त्यांनी कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती. खाटेच्या दांड्यावरून पांढरा हातरुमाल फिरवायच्या आणि उजेडात धरून बघायच्या. कोपऱ्यापासून दाराकडे पुसत यायचं, आपली पावलं आपणच पुसायची, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांचे डोळे अधू होत गेले. धंद्याचं पहिलं घर त्यांचं. 'माझ्यापासून सुरुवात कर,' असं त्या आपणहून म्हणाल्या होत्या.

टेबलावर पत्रक होतं आणि पत्रकावर भिंग.

"छान छापलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "सकाळपासून वाचतेय, एकेक अक्षर. फोन येताहेत ना?"

"येताहेत."

"येणारच. फोटोच तसा आहे." त्यांनी भिंग उचललं. "हे घर कुणाचं?"

"बाई, ते..."

"सांगू नकोस. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं. विसरलीस?"

भिंग हळूहळू फोटोवरून सरकू लागलं.

"ही शेगडी बघ. हे तेल एका दिवसाचं नाही, आठवडाभराचं आहे. पण ही बाई गलिच्छ नाही हं. डबे बघ कसे ओळीने लावलेत, झाकणं सगळी नीट. गलिच्छ माणूस असं ठेवत नाही. कप एकच दिसतोय. एकटी असेल. वयस्कर. आणि तिला नीट दिसत नाही, सांगते मी तुला. रोज पुसत असेल बिचारी, पण पुसलं गेलं की नाही ते तिला कळत नसेल. तिला कुणी सांगितलं?"

"नाही."

"तू तिच्याकडे जातेस आणि तू सांगितलं नाहीस?"

"धीर झाला नाही, बाई."

"आणि फोटो काढायचा झाला." आवाज चढला नव्हता, वॉर्डातही कधी चढत नसे. "तिला विचारलंस?"

"नाही विचारलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने हात धरून काम शिकवलं, त्याचाच असा केसाने गळा कापायचा, आणि वर त्याच्याच पुढ्यात बसून रडायचं.

भिंग डब्यांवरून पुढे सरकलं, खिडकीकडे, कठड्याकडे. कोपरा चार बोटांवर राहिला. तिने हात पुढे केला आणि तळवा कोपऱ्यावर ठेवला.

"तिथे छपाई बिघडलीय, बाई. काही दिसत नाही."

भिंग तिच्या बोटांवर थांबलं. साबणाने चिरलेली तिची कातडी त्याखाली मोठी होऊन दिसत होती. मेट्रनबाई थोडा वेळ त्या बोटांकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि पत्रकाची मोजून चार घड्यांची घडी केली.

"खाली पेट्या वाजत होत्या मघाशी. तूच होतीस?"

"हो. सगळी परत घेतली. एक फाटलं."

"मग हेही ने." त्यांनी ती घडी तिच्या हातात दिली. "आणि माझा गुरुवार तिला दे. तिला जास्त गरज आहे. माझं काय, माझं घर तसं स्वच्छच असतं."

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. दारातून ओटा दिसत होता. शेगडीभोवती पाच दिवसांचं दूध वाळून पिवळं पडलं होतं. कठड्यावर ट्रे होता, त्यात चमचे ओळीने लावलेले, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"देते, बाई," ती म्हणाली. "पण ती विचारेल, असं अचानक का?"

"खरं ते सांग. म्हणावं, तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. राग येईल तिला. येऊ दे. एक गुरुवार बोलणार नाही, दुसऱ्या गुरुवारी बोलेल."

फोन पुन्हा थरथरला.

"घे तो. गिऱ्हाईक असेल," मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओकडे हात नेला. बटण पहिल्या खेपेला सापडलं नाही. तिने मदत केली नाही. दुसऱ्या खेपेला सापडलं.

जिन्यात येऊन तिने फोन घेतला.

"वहिनी, कुठे आहेस? सहा घरं! एक जण तर गुरुवारी सकाळीच ये म्हणतेय, दर आठवड्याला. हो म्हणू ना?"

"गुरुवारी नाही जमणार. आणि उरलेली पत्रकं वाटू नकोस. वाटलेली मिळतील तेवढी परत आण."

"वेड लागलंय का तुला? त्या फोटोवरच तर फोन येताहेत!"

"नवा फोटो काढू. आपल्या ओट्याचा."



"आपल्या? तूच म्हणाली होतीस, लोक काय म्हणतील."

"म्हणू देत. मी येईपर्यंत घासू मात्र नकोस." ती एक जिना उतरली. डावी चप्पल खरंच वाजत होती, प्रत्येक पायरीला. वर दार अजून लोटलेलंच होतं आणि रेडिओ चालू होता.

"बरं, पण गुरुवारचं काय? हातातलं घर सोडायचं?"

"गुरुवार एका बाईंना दिलाय."

"कुठल्या बाईंना?"

तिने हातातली चार घड्यांची घडी पिशवीत सगळ्यात खाली सरकवली.

"नाव सांगायचं नसतं," ती म्हणाली.