दोन फुलांचा सत्कार

दूरदेशीच्या, डोंगरातल्या नारीन शहराकडच्या त्या शाळेत दर फेब्रुवारीत देशप्रेमाची साथ येते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरीही होते! अफगाण युद्धातून परतलेला एखादा सैनिक धरून आणायचा, पोरांकडून कविता म्हणवून घ्यायची, फोटो काढायचा. झाला सन्मान! यंदा पाळी तिसरीच्या बुरुलबाईंची होती. तालुक्याचे साहेब येणार म्हणून बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. साहेब खूश झाले, तर मुख्याध्यापिकेची खुर्ची त्यांनाच मिळणार होती ना!

शामशी आजोबा वेळेआधीच आले. इस्त्रीचा कोट, छातीवर पदक, डोक्यावर पांढरी काल्पाक टोपी. बाईंनी त्यांना दाराशीच, पोरांच्या चिमुकल्या बाकावर बसवलं. बर्फाळ वारा थेट मानेवर! दारापासून लांबची, समोरच्या भिंतीकडची मानाची जागा, गालिचा, चहा, गरमागरम तळलेले बोरसोक पाव, सगळं साहेबांसाठी. ते उशिरा आले आणि फोनवर बोलत बोलतच गालिच्यावर विसावले.

साहेबांना द्यायला फूलच नाही, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. मग काय, आजोबांसाठी आणलेल्या कार्नेशनच्या तीन फुलांमधलं एक उपसून साहेबांना दिलं आणि उरलेली वर्गातल्या छोट्या चिनाराच्या हातात कोंबली.

"जा, आजोबांना दे. आणि हस!"

चिनारा जागची हलेना.

"अगं जा ना, ठोंबे!"

"पण बाई, ही दोनच आहेत. दोन फुलं तर आपण कबरीवर ठेवतो. आजोबा कुठे मेलेत?"

बाईंचा चेहरा पांढराफटक.

आजोबांनीच हात पुढे केला. "आण बाळा. माझ्याबरोबरचे दोघं परत आलेच नाहीत. ही त्यांची." मग ते बाईंकडे वळले. "पण बुरुल, मला एवढ्यात पुरू नकोस हं! मेलेल्याला थंडी वाजत नाही, चहा लागत नाही, म्हणून तो तुम्हांला सोयीचा. मला वाजते गं थंडी."

"काका, भाषण नंतर," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "आधी फोटो."

आजोबांनी पदक काढून बाकावर ठेवलं. "याचाच काढा. तुमचं भागेल."

पोरं खुदकन हसली. बाईंना मात्र ते पदक गालावर बसल्यासारखं लागलं. याच माणसाला आपण वाऱ्यात बसवलं? कशासाठी, एका खुर्चीसाठी?

"साहेब, जरा उठता?" बाई गालिच्यापाशी जाऊन म्हणाल्या. "ती जागा शामशी आजोबांची आहे."

साहेब उठले ते तडक गाडीतच जाऊन बसले. बाईंची खुर्चीही त्यांच्याबरोबर गेली. जाऊ दे मेली! बाईंनी दार लावलं, आजोबांना हाताला धरून गालिच्यावर बसवलं, चहा ओतला.

चिनारा त्यांच्या गुडघ्याला टेकली. "आजोबा, तिकडे भीती वाटायची?"

"खूप," आजोबा म्हणाले. "पण हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

मंडळी, तुमच्याही शाळेत असे सत्कार होतातच की! तेव्हा एवढंच करा. सैनिक गेल्यावर फुलं वाहायची आहेतच. तो जिवंत आहे तोवर त्याला उबेत बसवा, आणि त्याचं ऐका!