टेंपरलीचा विद्यार्थी

बस रे स्टॅन. टोपी त्या रेडिएटरवर टाक, वाळेल तोवर. चहा ओतलाय, साखर तूच घाल. तुला आज एक हकिकत सांगतो. तीस वर्षं त्या शाळेच्या फाटकासमोर बस उभी केलीस, पण आत काय झालं ते तुला ठाऊक नाही.

शाळा काढली टेंपरलीनं. लोकरीचा व्यापारी. साल पंधराशे एकाहत्तर. जन्मभर लोकांना वजनात मारलं असणार, मरायच्या वेळेला देव आठवला. एक खोली, एक मास्तर, एक छडी, आणि शिकवायचं काय तर लॅटिन. आपल्या ब्रॅकनशॉला लॅटिनची काय गरज होती ते त्यालाच माहीत. पुढं खोलीच्या जागी सभागृह आलं, मग मनोरा, मग प्रयोगशाळा. मास्तरांना काळे झगे, पोरांना टोप्या. अकराव्या वर्षी परीक्षा घ्यायचे. पास झालेला टेकडीवर शाळेत, नापास झालेला खाली गिरणीत. मी खालचा. युद्धावरून आलो आणि एकोणपन्नास साली केअरटेकर म्हणून वर गेलो. म्हणजे परीक्षा न देताच वर गेलो, असं आमची बायको आयडा म्हणते.

सत्तावीस वर्षं बॉयलर पेटवला, गटारं साफ केली. मग शहात्तर साली ग्रामर स्कूल बंद करून तिथं फक्त शेवटच्या दोन वर्षांचं, सिक्स्थ फॉर्म कॉलेज करायचं ठरलं. जुनी पाटी मीच उतरवली. आठ स्क्रू होते, त्यातले तीन गंजलेले. सप्टेंबरात सोळा-सतरा वर्षांची पोरं आली, पोरीही आल्या. टोप्या गेल्या, झगे गेले. हिरवळीवर फक्त मास्तरांनी चालायचं असा चारशे वर्षांचा नियम होता, तिथं पोरं पहिल्याच दिवशी आडवी होऊन सिगारेटी ओढत होती. मला वाईट वाटलं म्हणू नकोस. गवत त्यानं काही मेलं नाही. समाजशास्त्र आलं, टंकलेखन आलं. लॅटिनला किती जणांनी नाव दिलं? एकानंही नाही.

आणि इथं क्वेलसर अडकले.

ऑबरी क्वेल. लॅटिनचे मास्तर. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात कायम खडू. बायको नाही, पोरं नाहीत. शाळेला लागून जे दगडी घर आहे ना, मागं नासपतीचं झाड असलेलं, तिथं राहायचे. एकतीस वर्षं. ते घर टेंपरलीच्या मृत्युपत्रातलं. त्यानं लिहून ठेवलंय की याच गावातल्या निदान एका गरीब, न शिकलेल्या विद्यार्थ्याला मास्तर लॅटिन शिकवतो, तोवर घर मास्तराचं. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी त्या विद्यार्थ्यानं सभागृहात उभं राहायचं, विश्वस्तांच्या तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची. विद्यार्थी नाही, तर घर विश्वस्तांकडे परत. आता चारशे वर्षांत विद्यार्थी कधी कमी पडलेच नाहीत, म्हणून प्रश्न विचारायचं सगळे विसरूनच गेले होते. एका पोराचं नाव वहीत लिहायचं आणि शेरी प्यायची, एवढंच उरलं होतं.

हॅलम वकील विश्वस्तांचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण ओला टॉवेल, जिथं पडेल तिथला उत्साह विझवणार. त्यांनी सरांना पत्र धाडलं, की विद्यार्थी नसल्यानं नाताळापर्यंत घर रिकामं करावं. मला हे कळलं कारण सर माझ्याकडे खोके मागायला आले. पुस्तकं भरायला. किती खोके, विचारलं. म्हणाले, साठ-सत्तर. आणि खोके घेऊन जाणार कुठं, विचारलं. त्यावर खडू खिशातून काढून बघत बसले.

मी घरी येऊन आयडाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "गावातला, गरीब आणि न शिकलेला. अरे हॅरल्ड, हे तर तुझंच वर्णन आहे."

मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. पंचावन्न वर्षांचा मी, हातात टोपी. त्यांनी मृत्युपत्राची प्रत काढली, चष्मा पुसून दोनदा वाचली. वयाचं काही लिहिलेलंच नव्हतं. टेंपरलीच्या डोक्यातच आलं नसणार, की एखादा म्हातारा आपण होऊन लॅटिन शिकायला येईल. पण सर लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, "एन्टविसल, नुसतं नाव लावायचं असेल तर नको. येणार असाल तर शिकायला या."

मग काय, मंगळवार आणि शुक्रवार, चार वाजता. पहिलंच वाक्य, शेतकरी राणीला गुलाब देतो. म्हटलं सर, आपल्याकडचा शेतकरी कुणाला काय देईल तर ते शेण. सर म्हणाले, शेणाचा शब्द बाराव्या धड्यात आहे, तोवर गुलाबावर भागवा. कॉलेजातली पोरं मला बॉयलरच्या खोलीत पाठांतर करताना ऐकायची. एका पोरीनं दाराला पाटी लावली, गुरुकिल्ली आत आहे. मी ती काढली नाही.

तीन आठवड्यांत किती शिकणार माणूस? ऑक्टोबरचा सोमवार आला. लग्नातला सूट घातला, बटण लागेना. सभागृहात सात विश्वस्त, एक खाटीक, एक दंतवैद्य, एक पाद्री वगैरे. हॅलम मला बघून म्हणाले, खुर्च्या नंतर लाव, आधी विद्यार्थ्याला बोलाव. सर म्हणाले, विद्यार्थी हाच आहे.

बराच वेळ कागदपत्रं चाळली त्यांनी. वयाची अट कुठं सापडेना. मग हॅलमना बरं वाटलं, कारण प्रश्न आठवले. तीन प्रश्न होऊन जाऊ द्यात म्हणाले. पण विचारणार कोण? सातही जण याच शाळेतले, सात-सात वर्षं लॅटिन घोकलेले, आणि एकालाही आठवत नव्हतं. पाद्रीसुद्धा बुटांकडे बघत होता. शेवटी क्वेलसरांनाच विचारायला सांगितलं.

मला वाटलं, सुटलो. सर गुलाबाचं विचारतील. कसलं काय. तो बाबा उठला, आणि आम्ही कधीही न वाचलेला उतारा काढला, त्यातल्या तीन वाक्यांचा अर्थ विचारला. त्यांचं घर जातंय, आणि हे मला नवा उतारा देतात. पहिलं वाक्य जमलं. दुसरं घाम फुटून जमलं. तिसऱ्यात सैनिक होते, नदी होती, पूल होता, आणि एक शब्द मला येत नव्हता. विचार केला, मोडका पूल दिसला तर माणूस काय करेल. म्हटलं, सैनिकांनी पूल दुरुस्त केला.

सातही जणांनी माना डोलावल्या. त्यांना काय कळतंय. सर गप्प बसले असते तर तिथंच संपलं असतं. पण ते म्हणाले, "दोन बरोबर. तिसरं चूक. सैनिकांनी पूल जाळला."

मी खाली बघितलं. मला त्यांचा राग आला, खोटं नाही सांगत. तीन आठवडे माझी झोप घालवली आणि स्वतःच्या हातानं घर घालवतात. हॅलमनी चष्मा काढला, परत घातला. त्यांना घर हवं होतं, विकायचंच होतं. मला वाटतं, सर खोटं बोलले असते तर त्यांनी ते पकडायची वाट शोधली असती. खऱ्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

खाटीकच बोलला शेवटी. "मृत्युपत्रात विद्यार्थी म्हटलंय ना? चुकला म्हणजे अजून शिकतोय. सगळं आलं असतं तर तो मास्तर झाला असता, आणि मग दोन घरं द्यावी लागली असती."

पाद्री हसला. दंतवैद्य हसला. हॅलमनी वहीत माझं नाव लिहिलं, जरा जोर देऊनच, निब मोडली. मग शेरी आली. खुर्च्या मलाच लावाव्या लागल्या.

बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं, गप्प का नाही बसलात. ते म्हणाले, "शुक्रवारी जाळण्याचा शब्द घेऊ."

याला बारा वर्षं झाली. दर ऑक्टोबरात उभा राहिलो. दर वर्षी एखादं चुकतंच. सर आता सत्त्याहत्तरचे आहेत, नासपतीखाली खुर्ची टाकून बसतात, डोळे अधू झालेत, पण धडा चुकवत नाहीत. मी मात्र चाललोय. आयडाच्या छातीला इथला ओलावा सोसत नाही. लेकीनं समुद्रावर, तिच्याजवळ, दोन खोल्या बघितल्यात. महिनाअखेर निघणार. आणि माझ्यामागं विद्यार्थी नाही. कॉलेजातल्या पोरांना विचारून झालं. फार गोड नकार देतात.

तू चर्चमागच्या गल्लीत जन्मलास. पैसा तुझ्याकडे कधी नव्हता. लॅटिनचं तर विचारायलाच नको. हसू नकोस, मी अगदी सरळ विचारतोय. उद्या मंगळवार आहे. चारला माझ्याबरोबर चल. एक वही आण, आणि तुला जे येत नसेल ते येत नाही म्हण. येशील ना, स्टॅन?