साडेचार फुटांवरचा खांब

मित्रांनो, गावात गाडी लावायला जागा सापडली नाही की लोक ज्याच्याकडे रागाने बघतात, तो मी. दिंडोरीजवळच्या एका गावातला जुना दगडी खांब. बघू देत रागाने. मला त्याचा अभिमानच वाटतो.

माझा जन्म डोंगरातल्या खाणीचा. पाथरवटांनी मला फोडून काढलं आणि मी द्राक्षबागेत मांडव धरून उभा राहिलो. डोक्यावर तारा, तारांवर वेली, वेलींना घड. सोळा हंगाम ते ओझं मी हूं की चूं न करता पेललं. मग लोखंडी अँगल आले आणि १९९७ साली आम्हा दगडी खांबांना उपटून बांधावर टाकलं. बायका माझ्यावर विळे घासायच्या, शेळ्या चढायच्या. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे बागेची आखणी करावी ती भिकनने. दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन तो निघाला की ओळ अशी सरळ पडायची, की पंचक्रोशीतून त्याला बोलावणं यायचं. त्याची मुलगी सुवर्णा सातवीत होती, सायकलने तालुक्याच्या शाळेत जायची. गावचा रस्ता म्हणजे नुसती धूळ आणि गाड्या, सावलीला एक झाड नाही. २००० सालच्या द्राक्षहंगामात एका टेम्पोने तिला कट मारला आणि ती सायकलसकट गटारात पडली. कोपर तेवढं सोलवटलं, पण भिकन हादरला.

"आता शाळा बास," तो म्हणाला. "पोरगी जित्ती राहिली तर शाळंचं बघू."

त्याची बायको तानुबाई गप्प बसणारी नव्हती. महाराष्ट्रदिनाच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. "ट्रॅक्टरला रस्ता हाय, टेम्पोला हाय. पोरी सायकलीनं शाळंला जात्यात, आम्ही बाया बागंवर पायी जातो. आम्हाला का नाय?"

बरीच बाचाबाची झाली. "लोक रस्ता रुंद करत्यात, तुम्ही बारीक करता व्हय?" असं ट्रॅक्टरवाला काळू म्हणालाच. पण शेवटी ठरलं. एका कडेला सायकलींचा पट्टा, त्याच्या काठाने करंज आणि बहाव्याची रोपं, रोपांना बागेतल्या ठिबकच्या जुन्या नळ्या. आणि गाड्या पट्ट्यात शिरू नयेत म्हणून रोपांमध्ये आमचे दगडी खांब! आखणी अर्थात भिकनची. पट्टा नीट झाला तर सुवर्णाची शाळा चालू, नाहीतर बंद, असं त्याने घरी कबूल केलं होतं.

पट्टा झाला. खांबांची ओळ देखणी दिसत होती. मी मात्र बांधावरच. माझ्या डोक्याचा कोपरा उडालेला होता ना, मला कोण घेणार?

जूनमध्ये शाळा उघडली त्या सोमवारी सुवर्णा सायकल घेऊन निघाली आणि बघते तर काय, काळूचा ट्रॅक्टर दोन खांबांमधून आत शिरून पट्ट्यावर आडवा उभा. त्याच्यापुढे आणखी एक. ती तशीच घरी परत आली. दप्तर खुंटीला लागलं.

तानुबाईने नवऱ्याला ओढतच रस्त्यावर आणलं. "आवो, हा रस्ता आखला का बाग?"

भिकनने दोरी लावली. नऊ फूट. प्रत्येक खांब बरोबर नऊ फुटांवर. उभ्या जन्मात त्याने ट्रॅक्टर ओळींमधून सहज जावा म्हणूनच आखणी केली होती; ट्रॅक्टर अडवायला कधी केलीच नव्हती. हात आपले सवयीने चालले. लोक पोट धरून हसले. भिकन हसला नाही. तो थेट बांधावर आला आणि उरलेसुरले, मोडके, सगळे खांब त्याने बैलगाडीत घातले. सगळ्यांत आधी मला! दोन खांबांच्या बरोबर मध्ये, साडेचार फुटांवर, त्याने स्वतः पहारीने खड्डा खणला आणि दगडमाती ठासून मला उभं केलं.

काळू तणतणत आला. "भिकन, हा मधला काढ. मी ट्रॅक्टर कुठं लावू?"

"तुझ्या वावरात लाव. माझी पोरगी हितून जायची हाय."

दुसऱ्या दिवशी सुवर्णा माझ्या शेजारून शाळेला गेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भीती नसली की खांबाकडे कोण बघतं? मला ते फार आवडलं.

रोपं वाढू लागली. ऑक्टोबर आला की आमच्या लोकांचे हात कात्रीसाठी शिवशिवतात. पहिल्याच वर्षी दोघे जण करंजांची द्राक्षासारखी छाटणी करायला निघाले होते! तानुबाईने त्यांना पिटाळलं, म्हणून आज सावली आहे.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस २००३ च्या मार्चमधला. ऐन हंगाम. पिंपळगावच्या बाजाराला द्राक्षं घेऊन निघालेले टेम्पो, ट्रॅक्टर, व्यापाऱ्यांच्या गाड्या, सगळं वेशीपाशी अडकलेलं. एक चाक हलेना. आणि त्याच दिवशी सुवर्णाचा दहावीचा गणिताचा पेपर. एका टेम्पोवाल्याचा धीर सुटला. पट्ट्यात घुसायला म्हणून त्याने टेम्पो मागे घेतला आणि धाडकन माझ्यावर आपटला. माझा आणखी एक टवका उडाला, पण मी तसूभर हललो नाही. भिकनने ठासलेला खांब आहे मी!

ट्रॅक्टरवर अडकलेला काळूच ओरडला, "ए, फुडं घे तुझं डबडं! पोरीचा पेपर हाय!"

आणि त्या सगळ्या अडकलेल्या गाड्यांच्या शेजारून, करंजांच्या कोवळ्या सावलीतून, सुवर्णा एकटी पुढे निघून गेली. गणितात तिला एक्क्याऐंशी मिळाले. मी तर म्हणतो, त्यातले दोन-चार माझे.

आता लोक माझ्यावर निवडणुकीची पत्रकं चिकटवतात, पानाच्या पिचकाऱ्या मारतात. तेही मी सोसेन. पण मित्रांनो, पट्ट्यावर गाडी लावू नका. "पाचच मिनिटं" म्हणूनसुद्धा नको. मागून कुणीतरी सायकलवर निघालेलं असतं, आणि पेपर बरोबर अकराला सुरू होतो.