काट्याचं पदक

"आ कर. आजून," सगुण म्हणाला.

साखळी गावाला जाणाऱ्या बसचा कंडक्टर यशवंत डोळ्यांत पाणी आणून ओसरीवर बसला होता. घशात पेडवा माशाचा काटा अडकलेला. सगुणने गळ्यातलं रवळनाथाचं चांदीचं पदक मुठीत धरलं, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटला आणि काटा निमूट खाली उतरला.

सर्वण गावात पदकवाली घरं तीन. एकाच्या पदकाने विंचू उतरे, दुसऱ्याच्या पदकाने कापलेल्या भातावर आलेली सर माघारी फिरे. सगुणच्या वाट्याला काटा आला, आणि तिथेच देवाने त्याची थट्टा केली. पदक गळ्यात असेतो मासळी तोंडात घालायची नाही, असा काटेवाल्याचा नेम! वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेल्या सगुणने हौसेने पदक मागून घेतलं, आणि तेव्हापासून गोव्यात राहून डाळभात. परवा गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, पण सगुणला बांगडा काही मिळाला नाही.

यंदा दात हलू लागले, तशी मासळी खायची राहूनच जाणार म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. पण पदक दुसऱ्याने आपण होऊन मागायला हवं. नुसतंच काढून खुंटीला टांगलं, तर मंत्र कायमचा जाणार. दुपारी जेवताना त्याने मुलाकडे आशेने पाहिलं.

"बाबा, माका नुस्त्याबगर शीत घशाखाली उतरणा नाय," मासळीशिवाय भात न गिळणारा गौरेश म्हणाला. "दुसरा कायपण सांगा."

"मगे मंत्र माझ्यावांगडाच जातलो," सगुण म्हणाला. उद्या कुणी घसा धरून धावत येईल आणि ओसरी रिकामी असेल, या विचाराने त्याचा घास तोंडातच फिरू लागला.

विमला चुलीपाशी बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या कालवणात, तिरफळं टाकत होती. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याकडे पाठ करून मासे खात आली होती. पदराला हात पुसत ती पुढे आली.

"माका द्या."

"तुका? तू तर बांगड्याची डोक्याकडची तकलीपण सोडणस नाय!"

"माहेरात खाल्लंय, हंय खाल्लंय. पण तुमी डाळ भुरकताना जा खाल्लंय, ता माका कधी गोड लागूक नाय."

सगुण पानावरून उठला आणि हात धुऊन आला. त्याने पदक तिच्या गळ्यात घातलं आणि मंत्र कानात सांगितला. मग तो पुन्हा पानावर बसला आणि विमलाने बांगडा वाढला. पहिल्या घासाला त्याचे डोळे आपोआप मिटले. दुसऱ्या घासाला काटा अडकला! इतक्या वर्षांत मासा निवडायची सवयच गेली होती. गौरेश हसून हसून भिंतीला टेकला.

विमलाने पदक मुठीत धरलं आणि घाबरत घाबरत मंत्र म्हटला. काटा खाली उतरला. मंत्र आता तिचा झाला होता.

"सावकाश जेवा," ती म्हणाली. मग तिने चुलीपाशी आपल्यासाठी झाकून ठेवलेला बांगडा आणला, त्याचे काटे बोटांनी एकेक करून वेगळे काढले आणि तो नवऱ्याच्या पानात वाढला.