लाकडात नसलेली खाडी

आमची खाडी आजवर चौघांनी शोधून काढली. पहिला गोरा जहाजावरूनच बघून गेला आणि ही सामुद्रधुनी आहे, थेट पलीकडच्या किनाऱ्याला निघते, असं त्याने ठोकून दिलं. दुसरा आत आला, तिसऱ्या वळणावर बर्फ लागलं, म्हणाला, संपली. तिसऱ्याने एकेका फाट्याला आपल्या राजाच्या नातेवाइकांची नावं दिली. नातेवाईक संपले तेव्हा परत गेला. आम्ही तेव्हाही इथेच होतो, काठावर मासे वाळवत होतो. पण आम्हाला कोण विचारतो!

चौथा ओलुफ, हा मात्र विचारणारा निघाला. डेन्मार्कहून आलेला मोजणीचा माणूस. तीन उन्हाळे आमच्यात काढलेले, आमची भाषा बोलायचा, सीलची कच्ची काळीज-चरबी खायचा आणि बायकांनी टर उडवली की स्वतःच आधी हसायचा. तो माझ्या सासऱ्यांकडे, उमेरिनेक आबांकडे आला आणि म्हणाला, "आबा, मला खाडी दाखवा."

आबांनी समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाचा हातभर तुकडा घेतला आणि कोरायला बसले. कडेला खाच असेल तिथे फाटा, उंचवटा असेल तिथे सुळका. धुक्यात डोळ्यांचं काम नाही, नुसता अंगठा फिरवत पुढे जायचं. कोरून झाल्यावर मीही त्यावरून अंगठा फिरवला. उजव्या काठाला एक खाच नव्हती. तिथलं लाकूड घासून गुळगुळीत केलं होतं. मी तुकडा खाली ठेवला.

त्याच फाट्यात माझा नवरा बुडाला होता, दोन वर्षांपूर्वी.

आमच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. एखाद्या नव्या बाळाला ते दिलं की माणूस घरी परत आला असं समजायचं; मग हाका मारा, रागवा, लाड करा. तोवर ते नाव थंडीत एकटं असतं, त्याला डिवचायचं नाही. तो कुठे गेला, कसा गेला, तेही बोलायचं नाही. पाद्रीबुवांनी आम्हा सगळ्यांचा बाप्तिस्मा केला, पण हे काही त्यांना कळलं नाही आणि आम्ही सांगितलंही नाही. आमच्या घरात मात्र बाळच येईना. मला मूल नव्हतं, नणंद-दीर कोणी नव्हतं. वस्तीत जी बाळं झाली त्यांच्यावर दुसऱ्या घरच्या मेलेल्यांचा हक्क आधीचा. सासूबाई दिव्यापाशी बसून असायच्या. खायला दिलं तर खायच्या, नाही दिलं तर नाही.

उन्हाळा लागला तशी आम्ही कातड्याची मोठी होडी पाण्यात घातली. ही होडी बायकाच वल्हवतात. सुकाणूवर आबा आणि पुढे आपल्या कयाकमध्ये, एकट्याच्या अरुंद होडीत, ओलुफ. माझ्या शेजारच्या वल्ह्यावर साबिने होती. तिची जीभ वल्ह्यापेक्षा जोरात चालते.

"हा बघ कसा बसलाय," ती ओलुफकडे बघून म्हणाली, "जणू उकळत्या भांड्यावर बसवलंय."

सकाळचं धुकं उठलं आणि ओलुफ ओरडला, "आबा! इथे फाटा आहे! लाकडात नाहीये!"

"झाली पंचाईत," साबिने पुटपुटली.

आबा सुकाणूच नीट करत बसले. ओलुफचा चेहरा तर असा उजळला की मला त्याची कीवच आली. "तुम्हालाही माहीत नव्हता? म्हणजे आजवर इथे कोणीच आलेलं नाही!"

घ्या! आबांनी दुःखापोटी झाकला आणि झाकला म्हणूनच तो त्याला सोन्यासारखा वाटू लागला. खाच ठेवली असती तर इतर फाट्यांसारखा हाही लांबूनच मोजून ओलुफ पुढे गेला असता.

"नको जाऊस," मी म्हटलं.

"का, वहिनी?"

"बर्फ पडतं."

"ते सगळीकडेच पडतं. मी कड्यांपासून लांब राहीन, अगदी मधोमध."

त्या फाट्यातली हिमनदी पाण्याखालून तुटते. तिथलं बर्फ वरून पडत नाही, खालून उसळतं, मधोमध, घराएवढं. माझा नवराही मधोमधच होता.

"मधोमध तर मुळीच नको!"

"का? काय आहे तिथे?"

यापुढे सांगायचं म्हणजे त्याचीच गोष्ट सांगायची. माझं तोंड मिटलं. बाकीच्या बायका पाण्याकडे बघत राहिल्या. ओलुफला वाटलं असणार, भुताखेतांचं काहीतरी. "येतोच मी, मांस शिजवून ठेवा," म्हणाला आणि वळला.

तेवढ्यात आबा होडीत उभे राहिले. होडी एवढी हलली की आम्ही किंचाळलो.

"तिनितेक!"

आमची वल्ही जागच्या जागी थांबली. ओलुफने मागे बघितलंही नाही. का बघेल? त्याचं नाव थोडंच होतं ते?

"ए ओलुफ! माझ्या मुलाचं नाव तिनितेक. ते मी आजपासून तुला दिलं. घेतोस का?"

कयाक थांबलं. तीन उन्हाळे आमच्यात राहिलेला माणूस, त्याला कळलं आपल्याला काय देताहेत ते. त्याने टोपी काढली. "घेतो," म्हणाला.

"मग ऐक, तिनितेक." आबांचा आवाज फाटला. "तिकडे जाऊ नकोस. मागच्या वेळी तुला अडवायला मी नव्हतो रे." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यालाच, समोर.

"म्हणजे आता हा तुझा नवरा झाला की गं!" साबिने माझ्या कानाशी म्हणाली.

"गप गं! याला धड कयाकमध्ये बसता येत नाही," मी म्हटलं. हसता हसता मला रडू फुटलं.

ओलुफने त्या फाट्याची मोजणी तोंडाशीच, खडकावर चढून केली. त्या दिवशी तिथे बर्फ उसळलंही नाही, पाणी नुसतं पडून होतं. एवढा घोळ कशासाठी घातलात, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

परतताना आबांचं तोंड मात्र उतरत गेलं. "बाईला न विचारता तिच्या पोराचं नाव परक्याला देऊन बसलो," मला म्हणाले. "तिने नाही म्हटलं तर? दिलेलं परत घेता येत नाही, सूनबाई. मग तो ना इथला ना तिथला."

मलाही तीच भीती होती.

वाटेत भेटलेल्या एका शिकाऱ्याच्या कयाकबरोबर बातमी आमच्या आधीच पोचली होती. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा सगळी वस्ती उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे सासूबाई. आबा म्हणाले, "अगं, हा..." सासूबाईंनी हातानेच त्यांना गप्प केलं. त्या उंच, पिवळ्या दाढीच्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर पायांवर थांबली.

"तिनितेक," त्या म्हणाल्या, "बूट केवढे कडक झालेत तुझे. असे घालून हिंडतोस? काढ."

ओलुफ दगडावर बसला. "हो, आई," म्हणाला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

कातड्याचे बूट कडक झाले की आमच्या बायका ते चावून मऊ करतात. पण फक्त आपल्या घरच्या माणसाचे, दुसऱ्याचे नाही. सासूबाई त्याच्या पायाशी बसल्या, एक बूट ओढून काढला आणि त्याचा तळ दातांत धरला.